मामासाठी सात हाका

शेजारची मुई मावशी दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत तिने ओसरीवर ठेवलेल्या मातीच्या पेटीकडे पाहिलं.

"आणलीस म्हणे पेटी."

"आणली."

"परत देऊन ये. दुकानदार घेईल. वापरलेली थोडीच आहे."

थोआ हसली नाही. ती पेटीच्या कडा ओल्या फडक्याने पुसत राहिली. तांबूस भाजलेली माती, हातभर लांब. त्यात अख्खा माणूस मावतो, यावर जिल्ह्याच्या शाळेतली तिची मुलं कधी विश्वास ठेवत नसत. मग ती त्यांना प्रयोगशाळेतला सांगाडा उतरवून, हाडं एकावर एक रचून दाखवी.

"थोआ, तुझा मामा सांगून गेलाय. एकदा खाली ठेवलंत की पुन्हा उचलू नका."

"आजारी माणूस काहीही बोलतो, मावशी. तिसरा हिवाळा आहे, हाडं वर काढून पेटीत ठेवायची वेळ झाली. आपल्या बेन साय गावात कुणाच्या घरचं माणूस तिसऱ्या हिवाळ्यानंतर ओल्या मातीत राहिलंय? ज्याच्या मागे कुणी नाही, त्याचंच."

"तुझ्या स्वप्नात येऊन थंडी वाजते म्हणाला का?"

"आला तर म्हणेलच. आयुष्यभर पाण्यावर राहिला, आता मेल्यावरही पाण्यातच?"

मावशीने चौकटीला हात टेकला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "मग मला येऊ दे. हाडं मी धुते."

थोआच्या हातातलं फडकं थांबलं. "एकदा धुतलंस तू त्याला," ती म्हणाली. "दार लावून. या वेळी मी धुणार."

मावशी वळून गेली. तिची पाठ कधी इतकी वाकली, हे थोआला त्या क्षणीच दिसलं. पण मन विरघळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

त्यामागे कारण होतं. मामा गेला तेव्हा शाळेत परीक्षा चालू होत्या. निरोप आला तेव्हा शेवटची बस निघून गेली होती. सकाळी ती पोचली तर शवपेटीला खिळे मारून झाले होते. मुई मावशीने सगळ्यांना बाहेर काढलं, दार आतून लावलं, प्रेताला एकटीने आंघोळ घातली, कपडे चढवले आणि मुहूर्त टळेल म्हणून झाकण लावायला लावलं. ज्या माणसाने वाढवलं, त्याचं तोंडही थोआला दिसलं नाही.

ख्वात काका, म्हणजे कुळाच्या धाकट्या पातीचा, धाकट्या शाखेचा कर्ता, गेली तीन वर्षं तिच्या कानाशी तेच तेच घोळवत होता. "दुपारी मुईच्या हातची पेज प्यायला आणि दिवस मावळायच्या आत गेला. मी काही म्हणत नाही. लोक म्हणतात. लोकांच्या जिभेला हाड नसतं. पण तुझ्या बांगमामाला हाडं आहेत ना? तू शास्त्र शिकवतेस. उघड आणि बघ."

"पण ती कशाला मारेल त्याला?"

"माणूस माणसाला कशाला मारतो? काहीतरी झाकायला."

काका लबाड होता, हे थोआला ठाऊक होतं. मामाने घर तिच्या नावावर केलं, ते त्याच्या घशाखाली उतरलं नव्हतं. तरीही बंद दाराची आठवण काट्यासारखी सलत होती. नुसती हाडं पाहून विष कळत नाही, हेही तिला ठाऊक होतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. पण बघायचं होतं. एकदा तरी त्याला बघायचं होतं.

*

ती तान्ही असताना बांगमामा तिला या गावात घेऊन आला. मामा आणि त्याची बहीण न्यान लहानपणीच वडिलांबरोबर वरच्या डोंगराकडे गेले होते. बेन सायमध्ये त्यांना मोठेपणी कुणी पाहिलेलं नव्हतं. वडील तिकडेच वारले. त्यांच्या अस्थी तेवढ्या आधी गावी येऊन कुळाच्या दफनाच्या जागेत पोचल्या होत्या. मग एका हिवाळ्यात एक सडपातळ तरुण कागदपत्रं आणि फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन नदीच्या धक्क्यावर उतरला. हिवतापाने घसा बसलेला, केस कापलेले. म्हणाला, मी थोरल्या पातीचा बांग. बहिणीचं पाऊल वाकडं पडलं, तिने नदीत जीव दिला, ही तिची पोर.

थोरल्या पातीचा मुलगा म्हटल्यावर कुळाने घराची किल्ली त्याच्या हातात दिली. पोरीकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

मामाने तरीचं, म्हणजे लोकांना नावेतून नदीपार नेण्याचं काम धरलं. या काठावरून त्या काठावर, सायकली, कोंबड्या, नवऱ्या, प्रेतं, सगळं त्याच्या नावेतून जाई. उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. लग्न केलं नाही. कुळाच्या जेवणावळीत चार पेले पोटात गेले की ख्वात काका हमखास विचारी, "काय बांगदादा, यंदा तरी? का वल्हं नुसतं पाण्यातच चालतं?"

मामा म्हणे, "नदीशीच लागलंय माझं. दुसरी आणली तर ती बुडवील." लोक हसत. मामाही हसे.

न्यानच्या श्राद्धाचा दिवस मात्र तो कधी चुकवत नसे. फोटो नव्हता, देव्हाऱ्यावर नुसती नावाची पाटी. त्या दिवशी तो स्वतः रांधी: आंबट माशाचं कालवण, चिकट भात, उकडलेली कोंबडी. थोआला पाटीसमोर बसवी आणि म्हणे, "आईला काय सांगायचं ते सांग. मोठ्याने सांग, ती लांब आहे." आणि स्वतः स्वयंपाकघरात जाई.

ती सांगे. दात पडला. पहिला नंबर आला. मामा नवी चप्पल घेत नाही.

एकदा तिने विचारलं, आईची हाडं आजोबांशेजारी का नाहीत? ख्वात काका तिथेच होता. तो म्हणाला, "तसल्या बाईला कुळाच्या मातीत जागा नसते, पोरी. तिथे पुरली असती, तरी आम्ही उकरून बाहेर टाकली असती." मामा जाळ्याची गाठ मारत होता. त्याने मान वर केली नाही.

आणि पंधराव्या वर्षी, शाळेतल्या मुलींनी आईच्या नदीतल्या उडीवरून टोमणा मारला त्या वर्षी, ती पाटीसमोर बसून ओरडली होती, "मला टाकून जिने उडी मारली, तिला मी अगरबत्ती लावणार नाही! तू जिवंत असतीस ना, तरी मी तुझं तोंड पाहिलं नसतं!"

स्वयंपाकघरात कोंबडी तोडण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने मामा हात पुसत बाहेर आला, स्वतः अगरबत्ती लावली आणि म्हणाला, "चालेल तिला. तू जेवून घे. कालवण निवतंय."

*

हाडांना ऊन लागू नये म्हणून हे काम उजाडायच्या आत करतात. कुळाच्या जागेवर काळी ताडपत्री ताणली होती. धुकं इतकं दाट की कंदिलाभोवतीचं वर्तुळ सोडून जग नव्हतंच. ख्वात काका, त्याचे दोन मुलगे आणि उकरणारा माणूस आधीच आले होते. चक्रीफूल, दालचिनी आणि लवंग घालून उकळलेल्या पाण्याचं घमेलं वाफाळत होतं. घमेल्याशेजारी मुई मावशी बसलेली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"राहू दे तिला," काका थोआच्या कानाशी म्हणाला. "समोर असलेली बरी. तोंडावरचा रंग दिसेल."

शवपेटीचं झाकण निघालं. आधी दारू शिंपडली. मग उकरणारा माणूस खाली वाकला आणि एकेक हाड वर देऊ लागला. कवटी पहिली. थोआने ती दोन्ही हातांत घेतली. इतकी हलकी. तिने ती धुतली, कपाळावरून बोट फिरवलं, आणि तिला रडू येईल असं वाटलं; पण आलं नाही, कारण हात आपोआप काम करायला लागले होते. जबडा. मणके. गळ्याची हाडं. दंडाचं हाड चांगलं जाड होतं, स्नायू जिथे धरतात तिथे खडबडीत उंचवटे. वल्हं मारणाऱ्याचे हात. डाव्या मनगटाच्या वर, हाड मोडून जुळलं होतं तिथे, जुना उंचवटा होता. ती दहावीत असताना मामा धक्क्यावरून घसरला होता. तिनेच फळी बांधली होती. तिने त्या उंचवट्यावर अंगठा ठेवला.

मामा, तूच आहेस.

मग खालून कंबरेची हाडं वर आली आणि ती थोआच्या हातात पडायच्या आत मुई मावशीने पुढे होऊन घेतली. चटकन पाण्यातून काढली आणि लाल कापडात गुंडाळू लागली.

"मावशी, ते इकडे दे."

"धुतलंय मी."

"दे म्हणते ना!"

ख्वात काका एक पाऊल पुढे आला. "काय आहे ते? काय लपवतेय ही?"

थोआने गाठोडं तिच्या हातातून ओढून घेतलं. मावशीची बोटं कापडाला चिकटल्यासारखी होती. एकेक सोडवावं लागलं. ती कापड उलगडून कंदिलाकडे वळली.

दोन हाडं, डावं आणि उजवं. ती दर वर्षी वर्गात हेच शिकवत असे. मागच्या खाचेत अंगठा घाला. पुरुषाचं असेल तर अंगठा अडकतो. बाईचं असेल तर सैल फिरतो.

तिचा अंगठा सैल फिरला.

तिने दुसऱ्यात घालून पाहिला. मग दोन्ही हाडं पुढून एकमेकांना टेकवली. खालच्या बाजूला झालेल्या कमानीत तिने अंगठा आणि पहिलं बोट ताणून धरलं, जसं मुलांना धरायला लावी. ही बाई. आणि अंगठा सोडून पहिली दोन बोटं फाकवली की हा पुरुष. मुलं हसत, एकमेकांना बोटं दाखवत.

अंगठा आणि बोट कमानीत नीट बसले.

कबर चुकली असेल, असं तिला पहिल्यांदा वाटलं. पण ते मोडलेलं मनगट तिनेच बांधलेलं होतं. म्हणजे मामा. म्हणजे मामा बाई होता. मग खरा बांग कुठे गेला? बांगला एकच बहीण होती. तिने नदीत जीव दिला होता. तिला एक तान्ही मुलगी होती.

थोआ हाडं धरून बसून राहिली. घमेल्यातली वाफ तिच्या तोंडावर येत होती. मुई मावशी इतकी जवळ सरकली की विड्याचा वास आला. "पाहिलंस," मावशी ओठ न हलवता म्हणाली. "आता मेल्यागत गप्प बस."

"काय गं, काय सापडलं?" काका ताडपत्रीखाली वाकून आत येत होता. "काळं पडलंय का? विषाने काळं पडतं म्हणतात."

तिने दोन्ही हाडं कापडात ठेवली. घड्या नीट घातल्या. आपला आवाज कसा येईल, याची तिला खात्री नव्हती, म्हणून ती वर्गात बोलते तसं बोलली.

"काही नाही, काका. कंबरेच्या हाडाला चीर आहे. पडल्याची, जुनी. मावशीला वाटलं, मला बघवणार नाही."

"आणि विष?"

"हाडांवर विष दिसत नाही. मावशीने काही केलेलं नाही. तिच्याबद्दल पुन्हा तोंड उघडलंत, तर मी ऐकून घेणार नाही."

काका तिच्याकडे बघत राहिला. मग खांदे उडवून मागे सरला. "बरं बाई. शास्त्रवाली तू."

बाकीची हाडं आली. तिने पेटीत अख्ख्या मामाला बसवलं. पायाची बोटं तळाशी, कंबर मध्ये, लाल कापडासकट. वर हात आणि सगळ्यात वर कवटी. आता शेवटची रीत राहिली होती. बेन सायचे लोक मानतात की पुरुषाच्या अंगात सात प्राण असतात आणि बाईच्या अंगात नऊ. झाकण लावण्याआधी नाव घेऊन तितक्या हाका मारायच्या. एक जरी प्राण मागे राहिला, तर माणूस अर्धा इथे, अर्धा तिथे भटकत राहतो. मग दोन नाणी बशीत टाकून विचारायचं. एक छापा आणि एक काटा पडला, तर आला.

"मार हाक," काका म्हणाला. "मान तुझाच."

थोआने मावशीकडे पाहिलं. मावशी जमिनीकडे बघत होती. नऊ हाका मारल्या, तर याच माणसांच्या देखत, याच खड्ड्याच्या काठावर सगळं संपणार होतं. ज्या मातीत शिरण्यासाठी आपल्या आईने जन्मभर गळ्यापर्यंत बटणं लावली, तिथून ते तिला संध्याकाळच्या आत बाहेर टाकणार होते.

"बांगमामा, ये," ती म्हणाली. सात वेळा म्हणाली.

काकाने नाणी टाकली. दोन्ही छापे.

"येत नाही," काका म्हणाला. "रुसलाय. पुन्हा मार."

पुन्हा सात. दोन्ही काटे. काकाच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा पुटपुटला, "काहीतरी चुकतंय, बाबा." धुक्याच्या कडा पांढुरक्या व्हायला लागल्या होत्या. काका मुई मावशीकडे रोखून बघू लागला. "का येत नाही हा? कोण अडवतंय त्याला?"

"मी मारते अजून एकदा," थोआ म्हणाली.

तिने सात हाका मोठ्याने मारल्या, सगळ्यांना ऐकू जातील अशा, मामाच्या नावाने. मग कोसळल्यासारखी ती पेटीवर ओणवी झाली. कपाळ कवटीच्या कपाळाला टेकलं. लोकांना वाटलं, पोरीचा बांध फुटला. काकाचा थोरला मुलगा म्हणाला, "रडू दे तिला."

ओठ हाडाला लावून तिने उरलेल्या दोन हाका मारल्या. त्यांत नाव नव्हतं. तो शब्द तिने आयुष्यात कधी माणसाला उद्देशून वापरला नव्हता, नुसत्या पाटीला वापरला होता. त्यामुळे पहिल्यांदा तो नीट उमटलाच नाही. दुसऱ्यांदा उमटला.

"आई. आई, ये."

नाणी पडली. एक छापा, एक काटा.

शक्यता अर्धी होती. हेही ती वर्गात शिकवत असे.

*

घरी आल्यावर मुई मावशी आत आली. या वेळी बोलवावं लागलं नाही. ती चुलीपाशी बसली आणि तिने पानाची डबी उघडली, पण विडा लावला नाही.

"तुला कधी कळलं?" थोआने विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात. तू रडलीस आणि बांगच्या सदऱ्यावर दोन ओले डाग पडले. मी पाहिले, तिने मला पाहताना पाहिलं. त्यानंतर मी रोज दुपारी धक्क्यावर बसून तुला पेज पाजायचे, लोकांना दिसावं म्हणून. पाजायची तीच, दार लावून."

"आणि खरा मामा?"

"डोंगरात हिवतापाने गेला. तू चार महिन्यांची होतीस. त्याला जाळून, त्याचे कपडे घालून ती निघाली. पोर घेऊन आलेल्या बिनलग्नाच्या बाईला कुळाने उंबरा ओलांडू दिला असता? तू जो दिवस पाळायचीस ना आईचा, तो त्याचा. त्याला बिचाऱ्याला कुणी विचारलं नसतं. ती म्हणायची, माझ्या नावाने का होईना, पोरीच्या हातची अगरबत्ती त्याला मिळते."

थोआने पाटीकडे पाहिलं. न्यान. इतकी वर्षं तिथे तिच्या मामासाठी ताट वाढलं जात होतं. आणि आई...

"मी बोलायचे तेव्हा ती आत असायची," थोआ म्हणाली.

"दाराच्या मागे. तिथे, त्या खांबाला टेकून. मी एकदा म्हटलं, अगं, समोर बसून ऐक की. म्हणाली, समोर ती मामाशी बोलते. इथून माझ्याशी बोलते."

थोआला पंधरावं वर्ष आठवलं. कोंबडी तोडणारा सुरा थांबलेला. तिने ते विचारलं नाही. मावशीने तिच्या चेहऱ्यावर वाचलं असावं, कारण ती घाईने म्हणाली, "पोरं बोलतात तसं. तिने मनाला लावून घेतलं नव्हतं."

"खोटं बोलू नकोस, मावशी."

मावशीने डबीचं झाकण लावलं. "लावून घेतलं होतं," ती म्हणाली. "खूप."

बाहेर नव्या पुलावरून गाड्या जात होत्या. पूल झाल्यापासून नावेची ये-जा बंद होती. मामाची नाव अंगणात पालथी पडून होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत.

"मला का नाही सांगितलं? शेवटी तरी?"

"मी म्हटलं होतं. शेवटच्या दिवशी पेज पाजताना म्हटलं, न्यान, निरोप धाडते, पोरीला बोलावते, सांगून टाक. दाराकडे बघत पडली होती. म्हणाली, परीक्षा आहेत तिच्या. मग थोड्या वेळाने म्हणाली, ती एकदा आई गेली म्हणून रडली आहे. दुसऱ्यांदा कशाला."

मावशी गेल्यावर थोआने अगरबत्ती पेटवली. सवयीने ती पाटीसमोरच्या चटईवर जाऊन बसली, पाठ स्वयंपाकघराकडे. सांगायचं पुष्कळ होतं. मोठ्याने सांग, ती लांब आहे.

ती उठली. चटई उचलून तिने उलट्या बाजूला टाकली, आणि दाराकडे, त्या खांबाकडे तोंड करून बसली. खांबाला खांद्याच्या उंचीवर एक गुळगुळीत, तेलकट डाग पडला होता. इतकी वर्षं तो तिच्या पाठीमागे होता.

अगरबत्ती हातात जळत होती. तिला एक शब्दही सुचला नाही.